वैशाखात बडोद्याला ये

फतेगंज, बडोदे
रामनवमीनंतरचा रविवार

चि. सोनू,

काल रात्री तुझ्या आईशी बोलणं झालं. परीक्षा आटोपली, नाचाच्या बाईंनी मे महिनाभर क्लासला सुट्टी दिली, आणि मुंबईत या दिवसांत उठून बघायला जावं असं काहीच नाही म्हणून तू वैतागली आहेस, असं ताई म्हणाली. तुझी तक्रार खरी आहे. आपल्याकडे चित्रांचा आणि नाचगाण्याचा हंगाम थंडीत असतो. काळा घोडा महोत्सव फेब्रुवारीत, चेन्नईचा मार्गळी महोत्सव डिसेंबरात, गॅलऱ्यांची मानाची प्रदर्शनं दिवाळीपासून होळीपर्यंत. चित्रं विकत घेणारी माणसं तेव्हा गावात असतात, परदेशी पाहुणे तेव्हाच येतात, मोकळ्या मैदानात मंडप घालता येतो. वैशाखात घेणारेच डोंगरावर गेलेले, मग दाखवणाऱ्याने दाखवायचं कुणाला?

बडोद्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहायला बसले. इथल्या कलेचं वर्ष बाजाराच्या हिशेबाने चालत नाही, विद्यापीठाच्या परीक्षेच्या हिशेबाने चालतं. पावसाळ्यात मुलं येतात, वर्षभर खपतात, आणि पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की त्यांनी केलेलं सगळं एकदम भिंतींवर येतं. एप्रिलची अखेर आणि मेचा पहिला पंधरवडा, साधारण याच दिवसांत फाइन आर्ट्सचा वार्षिक डिस्प्ले लागतो. नाच शिकणाऱ्यांच्या रंगमंचावरच्या परीक्षाही वर्ष सरतानाच असतात. मुंबईत जे थंडीत विकायला मांडतात, ते इथे उन्हाळ्यात तपासायला मांडतात. तू आधी हे बघावंस असं मला मनापासून वाटतं. विकायला मांडलेलं बघायला पुढे सगळं आयुष्य पडलं आहे.

आमच्या फतेगंजातून विद्यापीठाच्या कचेरीच्या रोखाने चालत निघालं की समोर पुष्पबागेचं आवार लागतं. १९५० पासून कलाशाळा तिथेच आहे. एरवी त्या स्टुडिओंत पाय ठेवायला जागा नसते: पालथे ईझल, कडक झालेले ब्रश, अर्धवट कापलेले लाकडाचे ठोकळे, कोपऱ्यात कुणाचं तरी जेवणाचं ताट. डिस्प्लेच्या आधी मात्र मुलं स्वतः सगळं उपसतात, भिंतींना पांढरा हात मारतात, खिळे ठोकतात, दिवे टांगतात. उन्हाने तापलेल्या खोल्यांत ओल्या रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंडलेला असतो. आधी परीक्षक फिरून जातात आणि मग बघणाऱ्यांची ये-जा सुरू होते. पोरांचे आईबाप लांबलांबच्या गावांहून आलेले असतात. आपल्या मुलाने इतकी वर्षं नेमकं काय केलं ते पहिल्यांदाच बघत असतात. जवळपासचे जुने कलाकार येतात, मुंबई-दिल्लीच्या गॅलऱ्यांची माणसंही गुपचूप एक फेरी मारून जातात. भिंतीवर किमतीची चिठ्ठी नसते, आणि प्रत्येक कामाच्या शेजारी ते करणारा मुलगा किंवा मुलगी घामाघूम उभी असते.

तिथे गेलीस की एक कर. ‘याचा अर्थ काय?’ असं कुणाला विचारू नकोस, ‘हे कसं केलंस?’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाला हात हलवून, जागेवर नेऊन, यंत्र दाखवून सांगतात. मुद्राचित्रणाच्या विभागात लिथोचे जड दगड बघशील. चुनखडीच्या त्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फक्त तेलकट जागी धरते आणि ओल्या जागेवरून निसटते. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर अख्खी कला उभी. शेजारी ॲसिडने खाल्लेले तांब्या-जस्ताचे पत्रे. शिल्पाच्या आवारात दगडाची कपच उडत असते आणि ऐन दुपारी छिन्नीचा आवाज थांबलेला नसतो, कारण कुणाचं तरी काम अजून पुरं व्हायचं असतं. मातकामाच्या भट्टीपाशी थोडी थांब. ज्योत्स्ना भट्ट इथे तीसेक वर्षं शिकवत होत्या. त्यांच्या हातची मातीची मांजरं ज्यांनी बघितली त्यांना ती विसरणं शक्य नाही. अंग चोरून बसलेल्या मांजरीच्या पाठीची एकच गोलाई, आणि त्यात सगळं मांजर आलेलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांनी शिकवलेले हात मात्र अजून चाकावर आहेत.

तुला इतिहासाचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे, तरी थोडं ऐकच, कारण त्याशिवाय ही शाळा मुंबई-कलकत्त्याच्या शाळांहून वेगळी का झाली ते कळणार नाही. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे १९४९ ला, आणि त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांनी चित्रकलेला विद्यापीठाच्या पदवीत जागा दिली. चित्रकलेच्या विभागाची घडी नारायण श्रीधर बेंद्र्यांनी बसवली. इंदूरचा मराठी माणूस. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली इंदुरात तयार झालेला, मुंबईत नाव कमावलेला. शिल्पाला शांतिनिकेतनातले शंखो चौधुरी आले, पाठोपाठ तिथलेच के. जी. सुब्रमण्यन. या लोकांनी नुसती ब्रिटिश पद्धतीची नक्कल चालू ठेवली नाही, तसंच ‘आपलं ते सगळं थोर’ असंही धरून बसले नाहीत. इतिहास आणि कलाविचार हाताच्या कामाबरोबरीने शिकवला. चित्र काढणाऱ्याने वाचायचं, वाचणाऱ्याने मातीत हात घालायचा. सुब्रमण्यन यांनी १९६०च्या दशकात फाइन आर्ट्सची जत्रा सुरू केली. तिच्यासाठी मास्तर आणि मुलं मिळून खेळणी, बाहुल्या, पाट्या करत आणि गावातले लोक येऊन विकत नेत. थोर चित्रकाराने लाकडाचं खेळणं करावं यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. मला या शाळेची ही गोष्ट सगळ्यात प्रिय आहे.

आणि इथून माणसं कुठे गेली ते बघ. २०१६ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही आपली नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांपैकी एक होतं नसरीन मोहमदींचं. त्याच जूनमध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये भूपेन खक्करांचं मोठं प्रदर्शन लागलं. म्हणजे एकाच उन्हाळ्यात, जगातल्या दोन मोठ्या शहरांत, आमच्या गावातली दोन माणसं. तिकडे उन्हाळ्यात प्रदर्शनांचा भर असतो. लोक सुट्टी काढून रांगा लावतात. तीन वर्षांनी, २०१९ च्या उन्हाळ्यात, त्याच मेट ब्रॉयरमध्ये मृणालिनी मुखर्जी. त्या इथे सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या आणि पुढे सुतळीच्या गाठी मारून माणसाहून उंच देवता उभ्या केल्या.

भूपेन खक्कर मुंबईचे, हिशेबनीस. १९६० नंतरच्या वर्षांत बडोद्याला कलासमीक्षा शिकायला आले आणि इथेच राहिले. पोटासाठी एका कारखान्यात हिशेब लिहायचे आणि उरलेल्या वेळात न्हावी, घड्याळं दुरुस्त करणारा, शिंपी अशी आपल्या गल्लीतली माणसं रंगवायचे. आपल्याला चित्रकलेचं शिक्षण नाही, रेषा कच्ची आहे, याचं त्यांनी ओझं घेतलं नाही. त्या कच्च्या रेषेलाच त्यांनी बोलतं केलं.

नसरीनबाईंबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तू नाचतेस आणि तुला त्या कळतील. १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत त्या इथे शिकवत होत्या. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्याची त्यांना फार ओढ. ओसरत्या पाण्याने वाळूवर उठवलेल्या रेघा, दोऱ्या, सावल्या यांचे त्यांनी काढलेले फोटो आहेत. चित्रांत रंग जवळजवळ नाहीच. पेन्सिल, शाई, पट्टी, इंजिनिअर वापरतात तशी रेघ ओढायची लेखणी, आणि कागदावर एकीशेजारी एक जाणाऱ्या रेघा. कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच एखादी तिरकी सुटलेली. शेवटच्या वर्षांत आजाराने अंगावरचा ताबा सुटत चालला होता, तरी कागदावरची रेघ हलली नाही. त्यांच्या एखाद्या रेखाटनाची छापील प्रत मिळाली तर ती समोर ठेव आणि तुझी अडवूची ओळ मनात म्हण. पहिल्या काळात पाय, दुसऱ्या काळात, मग तिसऱ्या. अंतर तेच, वेग दुप्पट. मला दरवेळी वाटतं की ही बाई कागदावर ताल मोजत होती.

त्या मोठ्या नावांनीही आमच्या याच आवारात काम केलं, याच तापलेल्या खोल्यांतून कुणी शिकलं, कुणी शिकवलं. म्हणून मी तुला न्यूयॉर्कच्या भिंतीचं कौतुक सांगत असले तरी बोलावते आहे ते पुष्पबागेत.

एक दुखरी गोष्टही लिहिते. आमच्या फतेगंजच्या चौकात शिल्पकार नागजी पटेल यांनी घडवलेले दगडी वडाचे खांब होते. बडोदं हे वडांचं गाव; त्या झाडाच्या पारंब्या दगडात उतरवून त्यांनी गावाला वेस दिल्यासारखं काम केलं होतं. स्टेशनवरून येणाऱ्याला, कॅम्पातून येणाऱ्या जवानाला, शाळेच्या मुलाला, लारीवर चहा पिणाऱ्याला ते येता-जाता दिसायचं. तिकीट नाही, दार नाही. उड्डाणपुलाच्या कामासाठी ते खांब काढले गेले. २०१७ च्या डिसेंबरात नागजीभाईही गेले. पूल लागतो, रहदारी वाढली आहे, हे मला मान्य आहे. मीही त्याच पुलाखालून जाते. पण जे गाव मुलांना दगड फोडून शिल्प करायला शिकवतं, त्या गावाने आपल्याच चौकातलं शिल्प काढताना ते कुठे उभं राहील हे आधी ठरवायला हवं होतं. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. तू आलीस की ती जागा दाखवीन. चौकातलं काम तुमच्याकडेही हललं: मुंबईत काळ्या घोड्यावरचा राजा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. आमच्या सयाजीगंजातल्या काळ्या घोड्यावर सयाजीराव अजून बसलेले आहेत. डर्वेंट वुडने केलेला तो पुतळा १९०७ चा. तोही बघू, घराजवळच आहे.

आता तुझ्या नाचाकडे येते.

तुझ्या क्लासच्या बाई तुला अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना या क्रमाने शिकवतात. हा क्रम, म्हणजे तुमचा मार्गम, पक्का झाला तंजावरात, मराठी राजांच्या दरबारात. व्यंकोजीराजांची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाची ती गादी. सरफोजी दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या पदरी चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊ होते, आणि तुझ्या मार्गमचा साचा त्यांच्या हातचा. सरफोजीराजांच्या नावावरची ‘देवेंद्र कोरवंजी’ चक्क मराठीत आहे. तेव्हा भरतनाट्यम ही दक्षिणेची कला, आपण तिकडून उसनी आणली, असं कुणी तुला म्हणालं तर ही माहिती जवळ असू दे. तमिळ, तेलुगू आणि मराठी या तिन्ही भाषा त्या दरबारात एकत्र नांदत होत्या.

इंग्रजांनी तंजावर १८५५ मध्ये खालसा केलं. दरबार संपला तसा नाचणाऱ्यांचा आणि नट्टुवनारांचा, म्हणजे ताल धरणाऱ्या नाचगुरूंचा, आधार गेला. आणि मग १८८० मध्ये तंजावरच्या मोहित्यांची मुलगी लक्ष्मीबाई सयाजीरावांची राणी होऊन बडोद्याला आली. सासरचं नाव चिमणाबाई. तिच्याबरोबर आंदण म्हणून नाचाचा ताफाच आला: गौरा आणि कांतिमती या नर्तकी, आणि त्यांचे नट्टुवनार व साथीदार. मद्रासेत या नाचाकडे लोक नाकं मुरडायला लागले होते त्या काळात तो इथे दरबारच्या कलावंत कारखान्यात, गवई-बजवय्यांच्या पंगतीत, नोकरीला होता. चिमणाबाई फार जगल्या नाहीत. १८८५ च्या मे महिन्यात, लग्नाला जेमतेम पाच वर्षं होतात तोच, त्या गेल्या. ताफा मात्र परत गेला नाही.

कांतिमतींचा मुलगा कुबेरनाथ. त्यांचं आडनाव बडोद्यात तंजोरकर झालं, आपल्याकडे सातारकर, कोल्हापूरकर होतात तसं. संस्थान गेलं तेव्हा बाकी दरबारी कलावंतांवर जी वेळ आली ती त्यांच्यावरही आली असती. पण इथे विद्यापीठ होतं, आणि त्याच्या पाठीशी सयाजीरावांची गायनशाळा होती. १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली, साध्या घरातल्या मुलांनाही गाणं शिकवणारी शाळा. तिचंच पुढे विद्यापीठातलं संगीत-नृत्य-नाट्याचं महाविद्यालय झालं. सूरसागर तळ्याकाठी आहे. नृत्य विभागाला सुरुवातीला मोहन खोकर होते, अंजली मेढ होत्या, आणि तंजोरकर मास्तर होते. कथकला जयपूर घराण्याचे सुंदरलाल गंगाणी. दरबारात वंशपरंपरेने आलेली गोष्ट हजेरीपटावर आली. ज्या मुलीच्या घरात कुणी कधी घुंगरू बघितले नव्हते ती फी भरून ते बांधायला लागली आणि परीक्षेला बसायला लागली. तंजोरकरांच्या घरातल्या पुढच्या पिढ्यांनीही हे शिकवणं चालू ठेवलं आहे.

भरतनाट्यमचे सी. व्ही. चंद्रशेखर १९८० मध्ये इथे आले आणि बारा वर्षं त्यांनी ही शाखा सांभाळली. ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत तयार झालेला माणूस. ताठ पाठ, रेषेत सुटणारा हात, आणि पुरुषाने नाचताना बाईचा अभिनय उसना घ्यायची गरज नाही हे अंगानेच सांगणारा. संगीतावर पकड अशी की आपल्या नाचाची रचना स्वतःच गाऊन बसवायचे. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’वर त्यांनी नृत्य बसवलं होतं. त्या काव्याचा पहिलाच सर्ग ग्रीष्माचा आहे. सहा ऋतूंत कालिदासाने सुरुवात उन्हापासून केली. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांच्या शिष्या आज देशोदेशी शिकवत आहेत.

ताई म्हणत होती की तुझ्या अरंगेत्रमची बोलणी चालली आहेत. दादरचा हॉल, मेकअपची माणसं, रेशमी पोशाखांचे चार जोड, फुलांची कमान, पाहुण्यांना जेवण, छापील पुस्तिका. खर्चाचा आकडा ऐकून मला काळजी वाटली, आणि तो आकडा नसता तरी वाटली असती. अरंगेत्रम करू नकोस असं मी म्हणत नाही. गुरूने शिष्याला रंगमंचावर आणणं ही सुंदर रीत आहे. पण त्याआधी इथली परीक्षा बघ. समोर टेबल, टेबलाशी परीक्षक, बाजूला गाणारे, मृदंग आणि ताल धरणारे मास्तर. मुलगी येते, नमस्कार करते, नाचते. मध्येच परीक्षक थांबवतात आणि म्हणतात, हीच जती आता तिश्रात म्हणून दाखव. किंवा: या पदातली नायिका कुठली, आणि ती रागावली आहे की दुखावली आहे ते एका नजरेत दाखव. टाळ्या पडत नाहीत. घामाने काजळ उतरलेलं असतं आणि तरी मुद्रा सुटत नाही. पाठीमागे तिच्या वर्गातल्या मुली ओठांतल्या ओठांत बोल म्हणत असतात. असं वर्णम मोठ्या महोत्सवातही क्वचितच बघायला मिळतं. परीक्षा बघायला सगळ्यांना बसू देत नाहीत. पण ओळखीने विचारते, आणि नाहीच जमलं तर सराव तरी बघायला मिळेल. मला विचारशील तर सरावच जास्त बघावा.

तू शेवटच्या फोनवर मला विचारलं होतंस की चित्र आणि नाच यांतलं एक निवडायलाच हवं का. उत्तर देण्याआधी तुला कीर्तिमंदिरात न्यायचं आहे. गायकवाडांच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी बांधून घेतलेली ती वास्तू. नंदलाल बोस शांतिनिकेतनातून येऊन १९३९ ते १९४६ या वर्षांत तिथल्या भिंती रंगवत होते. एका भिंतीवर गंगावतरण, एकीवर मीरा, एकीवर महाभारतातलं युद्ध, आणि एकीवर रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकातला प्रसंग. श्रीमती ही राजदरबारची नटी. बुद्धाच्या स्तूपापुढे पूजा करायला राजाज्ञेने मनाई आहे, आणि तिला तिथे नाचायचा हुकूम होतो. ती नाचते, नाचताना एकेक दागिना उतरवत जाते, आणि तो नाच हीच तिची पूजा होते. त्यासाठी तिला जीव द्यावा लागतो. चित्रकाराने रंगवलेला नाच आहे तो. पायाचा भार कुठल्या बाजूला आहे, कंबर कुठे वळली आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं वाचता येईल. दारं कधी उघडी असतात ते आधी विचारून ठेवते.

दुपारी मात्र बाहेर नाही. बारा ते चार घरात, पंख्याखाली, नाहीतर सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये. जुन्या भिंती जाड आहेत, आत गारवा असतो. तिथल्या चित्रदालनाची इमारत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार झाली, पण युरोपात घेतलेली चित्रं युद्धामुळे तिकडेच अडकली आणि दालन उघडायला १९२१ साल उजाडलं. रविवर्म्याची चित्रं बघायची तर राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंहराव संग्रहालयात. लक्ष्मीविलासच्या दरबारासाठी सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्याला पुराणातली चौदा चित्रं सांगितली. ती तयार झाल्यावर लोकांना बघायला मांडली, तेव्हा गर्दी लोटली होती. देवळात न जाता, सोवळं न नेसता, कुणाही जातीच्या माणसाने उभं राहून नल-दमयंती बघावी, असं त्या काळी किती ठिकाणी होतं?

ही गर्दी नेहमीच मायेची असते असं नाही, हेही तुला कळलं पाहिजे. २००७ च्या मे महिन्यात याच वार्षिक डिस्प्लेत एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरची माणसं आवारात शिरली. मुलाला अटक झाली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या परंपरेतल्या शृंगारशिल्पांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन मांडलं, तेही बंद करायला लावलं गेलं, आणि मुलांच्या बाजूने उभे राहिलेले शाखाप्रमुख शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. गावात याबद्दल दोन मतं आहेत आणि माझं त्यांतलं एक आहे. परीक्षेला मांडलेलं काम हे शिकणाऱ्याचं काम असतं. ते चुकेल, फसेल, कधी कुणाला टोचेल. त्याला नापास करायचा अधिकार परीक्षकाचा, नाकं मुरडायचा अधिकार बघणाऱ्याचा. पोलिसाला बोलावणं हा मला त्या मुलावरचा आणि त्या भिंतीवरचाही अन्याय वाटला, आजही वाटतो. त्यानंतरही मुलं दर वर्षी भिंती रंगवतात आणि खिळे ठोकतात. त्यांना बघायला कुणीतरी नीट डोळ्यांनी जायला हवं, म्हणूनही तुला बोलावते आहे.

ताईला उन्हाची भीती वाटते. तिला सांग, कैरीचं पन्हं करून ठेवलं आहे, संध्याकाळी फतेगंजात अजून झाडांची सावली आहे, आणि सहानंतर आम्ही सगळे पायीच हिंडतो. रात्री सेव-उसळ खायला नेईन. तिखट झेपणार नसेल तर आधीच सांग. दुपारच्या झोपेनंतर तासभर सराव करायचा, माझ्या बैठकीतली फरशी मोकळी करून देते. वही आण, आणि काढायला पेन्सिल. फोनवर फोटो काढत बसू नकोस, मुलांना ते आवडत नाही, आणि हाताने रेखाटल्याशिवाय तुला ते काम दिसणारही नाही.

तारखा लागल्या की लगेच कळवते. रविवारी डिस्प्लेला फार गर्दी असते, आईबाप आलेले असतात, मुलं बावरलेली असतात. रविवारी दुपारच्या गाडीने निघ, म्हणजे रात्री घरी येशील आणि सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, त्यांच्याशी निवांत बोलता येईल.

तुझी,
बडोद्याची मावशी